दूर म्हणजे किती दूर?



“जवळ” आणि “दूर” हे दोन शब्द आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. बाजार जवळ आहे, स्टेशन दूर आहे. थोरला मुलगा जवळ राहतो, धाकटी मुलगी दूर दिली आहे. रस्ते आणि गावे यांच्याविषयी बोलताना या शब्दांत काही अडचण नाही. परंतु हेच शब्द आपण माणसांना लावू लागलो की त्यांत नीतीचा प्रश्न शिरतो. अमुक मनुष्य दूरचा आहे, म्हणून त्याच्या दुःखाची झळ आम्हांला कमी लागावी हे योग्य आहे काय? मैल वाढले की कर्तव्य घटते काय? आणि दूर कोण, जवळ कोण, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

या प्रश्नांचा विचार करण्यासाठी आम्ही एक उदाहरण घेत आहोत. ते आहे पॅसिफिक महासागरातील दोन बेटांवरच्या दोन विमानतळांचे. आमच्या मराठी वाचकांपैकी फारच थोडे तेथे गेले असतील. तरी त्या बेटांशी आमच्या मंडळ्यांचे एक जुने नाते आहे, आणि ते पुढे सांगणार आहोत.

दोन विमानतळ, दोन वाटा

होनोलुलू हे हवाई बेटांतील मुख्य शहर. ग्वाम हे त्याच महासागराच्या पश्चिम भागातील एक बेट. या दोहोंमधील विमानमार्गाचे अंतर सुमारे ६,१०० किलोमीटर आहे, म्हणजे मुंबई-दिल्ली विमानमार्गाच्या पाचपटींहून अधिक. मध्ये जवळजवळ सर्व पाणीच पाणी.

रविवार शाळेच्या शिक्षकांनी एकदा पृथ्वीचा गोल घेऊन या दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून पाहावा. भिंतीवरच्या सपाट नकाशावर आपण पट्टीने रेघ ओढतो तिच्यापेक्षा हा दोरा थोडा उत्तरेकडे झुकलेला दिसेल. पृथ्वी वाटोळी असल्यामुळे खरी जवळची वाट कमानीसारखी असते, आणि विमाने शक्यतो त्याच वाटेने जातात. ही कमान मार्शल बेटांच्या बरीच उत्तरेकडून जाते. म्हणजे थेट जाणाऱ्या प्रवाशाला ती बेटे खिडकीतूनही दिसत नाहीत.

थेट विमानाला होनोलुलूहून ग्वामला जाण्यास सुमारे आठ तास लागतात. येताना त्याहून थोडा कमी वेळ लागतो, कारण उंचावरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. जाताना तो समोरून येतो आणि परतताना पाठीशी असतो. अंतर तेच, विमान तेच, वेळ मात्र निराळा. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडावी लागते. म्हणून सोमवारी सकाळी निघालेला प्रवासी मंगळवारी पोहोचतो.

परंतु या दोन विमानतळांमध्ये दुसरीही एक वाट आहे. १९६८ साली एअर मायक्रोनेशिया या कंपनीने मधल्या बेटांना जोडणारी विमानसेवा सुरू केली. आज ती युनायटेड एअरलाइन्स ही कंपनी चालविते, आणि लोक तिला ‘आयलंड हॉपर’, म्हणजे बेटाबेटांवर उड्या मारणारे विमान, म्हणतात. हे विमान होनोलुलू सोडल्यावर सुमारे पाच तासांनी मार्शल बेटांतील माजुरो येथे उतरते. तेथून क्वाजालीन, मग कोसराए, मग पोनपेई, मग चुउक आणि शेवटी ग्वाम. माजुरोची धावपट्टी म्हणजे प्रवाळाची एक अरुंद पट्टी आहे. तिच्या एका बाजूस खुला महासागर, दुसऱ्या बाजूस आतले शांत सरोवर, आणि भोवतालची जमीन समुद्रापेक्षा जेमतेम दोन मीटर उंच. अशा ठिकाणी विमान बिघडले तर दुरुस्तीची सोय कोठून असणार? म्हणून हे विमान आपला मिस्त्री आणि सुटे भाग बरोबर घेऊनच उडते.

आता हिशेब पाहा. या सर्व टप्प्यांची बेरीज सुमारे ७,००० किलोमीटर होते. थेट वाटेपेक्षा हे अंतर सुमारे ९०० किलोमीटरने, म्हणजे सातव्या हिश्शाइतकेच जास्त आहे. पण वेळ लागतो १४ ते १६ तास, जवळजवळ दुप्पट! हा जास्तीचा वेळ मुख्यतः कोठे जातो? उतरण्यात, थांबण्यात आणि पुन्हा वर चढण्यात.

घाईतल्या प्रवाशाला हे थांबे म्हणजे वेळेची हानी वाटते. पण माजुरोच्या किंवा कोसराएच्या धावपट्टीजवळ उभ्या असलेल्या मनुष्याला विचारा. त्याचा आजारी बाप उपचारासाठी याच विमानाने जाणार असतो, शिकावयास गेलेली मुलगी याच विमानाने परत येणार असते, औषधांची पेटी आणि टपालाची थैली यातूनच उतरणार असते. एकाचा वाया गेलेला तास हा दुसऱ्याच्या जीवनाचा आधार असतो. आकाशातून जाणारी दोन विमाने तीच दोन टोके जोडतात. त्यांतले एकच मधल्या लोकांच्या उपयोगी पडते, कारण ते थांबते.

जवळ असून एक दिवस दूर

अंतर आणि वेळ यांची अशीच एक गंमत सामोआ बेटांत पाहावयास मिळते. ही बेटे त्याच महासागरात, पण विषुववृत्ताच्या दक्षिणेस आहेत. १९०० सालाच्या सुमारास मोठ्या राष्ट्रांनी त्यांची वाटणी केली. १८९९ च्या कराराप्रमाणे पश्चिमेकडील बेटे जर्मनीकडे गेली आणि पूर्वेकडील अमेरिकेकडे. पश्चिम सामोआ १९६२ साली स्वतंत्र झाला; पूर्वेकडील बेटे अद्याप अमेरिकेकडेच आहेत. भाषा एक, रक्ताची नाती एक, भक्तीची रीतही बहुतांशी एक.

स्वतंत्र सामोआचा व्यापार ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्याशी. म्हणून सोयीसाठी त्या देशाने २०११ च्या डिसेंबरात वाररेषेच्या दुसऱ्या बाजूस उडी घेतली. गुरुवार, २९ डिसेंबर संपला आणि एकदम शनिवार, ३१ डिसेंबर उजाडला. त्या वर्षी सामोआच्या लोकांना ३० डिसेंबरचा शुक्रवार लाभलाच नाही! तेव्हापासून सामोआतील आपिया आणि अमेरिकन सामोआतील पागो पागो यांच्यामध्ये एका वाराचा फरक आहे. विमानाने हे अंतर सुमारे १२५ किलोमीटर, वेळ सुमारे अर्धा-पाऊण तास. दोन्ही ठिकाणी घड्याळाचे काटे सारखेच, पण आपियात रविवारची घंटा वाजत असते तेव्हा पागो पागोचे बंधू शनिवारचा बाजार करीत असतात.

येथे कोणाचे पाप झाले असे आम्ही म्हणत नाही. व्यवहाराच्या सोयीसाठी रेघ हलविली गेली, इतकेच. पण यातून एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे: किलोमीटर थोडे असले म्हणजे माणसे जवळ असतात असे नाही. मधून कोणती रेघ गेली आहे आणि ती कोणी आखली आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते.

आमच्या मराठी ख्रिस्ती समाजाला ही गोष्ट बाहेरून शिकण्याची गरज आहे काय? आमच्यापैकी पुष्कळांचे वाडवडील गावकुसाबाहेर राहत. गावातली विहीर त्यांच्या झोपडीपासून फार तर दोनशे पावलांवर असे. परंतु ती दोनशे पावले आयुष्यभर चालून संपत नसत. कोणत्याही नकाशावर ते अंतर लिहिलेले नव्हते, तरी गावातील प्रत्येक पोराला ते ठाऊक होते. तेव्हा जवळच्या माणसाला दूर कसे ठेवले जाते, हे आमच्या वडीलधाऱ्यांनी अंगावर सोसले आहे.

‘दूर’ हा शब्द निकाल होतो तेव्हा

आता पुन्हा मार्शल बेटांकडे वळू. दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकेला अणुबाँबच्या चाचण्यांसाठी जागा हवी होती. नेहमीच्या जहाजमार्गांपासून व विमानमार्गांपासून ती लांब असावी, वस्ती थोडी असावी, असा विचार झाला. बिकिनी हे कंकणाकृती बेट निवडले गेले. तेथे १६७ माणसे राहत होती. ती ख्रिस्ती होती, आमच्यासारखीच प्रॉटेस्टंट मंडळी.

१९४६ च्या फेब्रुवारीतील एका रविवारी, उपासना आटोपल्यावर, बेन वायट हा नौदलाचा अधिकारी या लोकांशी बोलला. मानवजातीच्या हितासाठी आणि युद्धे संपविण्यासाठी तुम्ही आपले बेट काही काळ सोडाल काय, असे त्याने विचारले. त्यांना पटावे म्हणून त्याने पवित्र शास्त्राचाच आधार घेतला आणि देवाने रक्षिलेल्या इस्राएल लोकांशी त्यांची तुलना केली. लोकांचा पुढारी जूडा याने, सर्व काही देवाच्या हाती आहे अशा अर्थाचे बोलून, जाण्यास संमती दिली. मार्च महिन्यात सर्वांना सुमारे २०० किलोमीटरवरील राँगेरिक बेटावर नेण्यात आले. तेथे अन्न पुरेना; उपासमार झाली. दोन वर्षांनी त्यांना तेथून हलवावे लागले, आणि शेवटी किली नावाच्या बेटावर बसविण्यात आले. त्या बेटाला आतले सरोवर नाही, म्हणून पिढ्यान्पिढ्या मासेमारी करणाऱ्या लोकांच्या होड्या तेथे निरुपयोगी ठरल्या.

१९४६ ते १९५८ या काळात मार्शल बेटांत एकूण ६७ अणुस्फोट करण्यात आले. १ मार्च १९५४ रोजी बिकिनीवर झालेला स्फोट हिरोशिमाच्या बाँबच्या सुमारे हजारपट शक्तीचा होता. त्याची विषारी राख राँगेलाप बेटावरच्या वस्तीवर पडली. मुलांना ते काय आहे हे कळले नाही. ती त्या राखेत खेळली. तेथील लोकांना हलविण्यास दोन दिवस लागले. बिकिनीचे काही लोक पुढे १९७० नंतरच्या वर्षांत परत गेले, पण जमीन व अन्न दूषित असल्याचे दिसून आल्यामुळे १९७८ साली त्यांना पुन्हा बाहेर काढावे लागले. ‘काही काळ’ म्हणून सोडलेले ते घर आजही त्यांना परत मिळालेले नाही.

ही जागा का निवडली? ती दूर होती म्हणून. परंतु दूर कोणापासून? बिकिनीच्या आईला तिची झोपडी दूर नव्हती. राँगेलापच्या मुलाला त्याचा किनारा दूर नव्हता. ज्यांनी नकाशावर बोट ठेवले त्यांच्यापासून ती जागा दूर होती. येथे ‘दूर’ हा शब्द अंतर सांगत नव्हता, तो निकाल देत होता. या लोकांचे काही बरेवाईट झाले तर आमच्या जीवनात फरक पडणार नाही, असा तो निकाल. आणि सर्वांत दुःखाची गोष्ट ही की तो निकाल उपासनेनंतर, शास्त्राच्या शब्दांत गुंडाळून ऐकविला गेला. शास्त्राचा उपयोग कोणाच्या सोयीसाठी होत आहे, हे उपदेशकांनी नेहमी तपासून पाहिले पाहिजे. आम्हां उपदेशकांना हा मोठा इशारा आहे.

तत्त्ववेत्ते काय म्हणतात

हा प्रश्न विचारवंतांनाही सुटलेला नाही. अ‍ॅडम स्मिथ या स्कॉटिश तत्त्ववेत्त्याने १७५९ साली प्रसिद्ध केलेल्या नीतिविषयक ग्रंथात एक कल्पना मांडली आहे. समजा, सारा चीन देश भूकंपाने गडप झाला. युरोपातला एखादा दयाळू गृहस्थ ती बातमी ऐकून हळहळेल, चार गंभीर विचार बोलेल आणि रात्री स्वस्थ झोपेल. पण उद्या आपली करंगळी कापली जाणार आहे असे त्याला कळले, तर त्या रात्री त्याचा डोळा लागणार नाही. स्मिथ पुढे असेही म्हणतो की, करंगळी वाचविण्यासाठी त्या लाखो लोकांचा बळी देण्यास मात्र हा गृहस्थ तयार होणार नाही. त्याची विवेकबुद्धी त्याला अडवील. म्हणजे भावना जवळचे पाहते आणि विवेक दूरचे पाहतो.

अलीकडच्या काळात, १९७२ साली, पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तत्त्ववेत्त्याने याहून कडक भूमिका घेतली. तळ्यात बुडणाऱ्या मुलाला वाचविण्यासाठी आपण कपडे भिजण्याचा विचार करीत नाही. मग हजारो मैलांवर उपाशी मरणाऱ्या मुलाविषयी निराळा न्याय का, असे तो विचारतो. अंतराने नीतीत काही फरक पडत नाही, हा त्याचा सिद्धान्त. सिंगर हा देव मानणारा नाही. तरी त्याचा प्रश्न आम्हां विश्वासणाऱ्यांना लाजविणारा आहे.

तथापि या विचारांत एक उणीव राहते असे आम्हांला वाटते. विवेकाने ‘सर्व माणसे सारखी’ हे मान्य करणे सोपे आहे. सर्व मानवजातीवर प्रेम करणारा मनुष्य शेजारच्या दाराशी वर्षभर न फिरकता राहू शकतो. अंतर नाकारल्याने माणूस जवळ येत नाही. मग तो जवळ कशाने येतो?

प्रभूचे उत्तर

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील शास्त्र्याने हाच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारला होता. माझा शेजारी कोण? त्याला हद्द आखून हवी होती. येथपर्यंत शेजारी, त्यापलीकडे परका. प्रभूने हद्द आखली नाही. त्याने यरुशलेमेहून यरीहोला उतरणारी एक वाट दाखविली, आणि त्या वाटेवर पडलेला एक जखमी मनुष्य.

या दाखल्यात अंतराचा विचार करून पाहा. याजक त्या मनुष्यापासून किती दूर होता? थोड्याच पावलांवर. लेवी किती दूर होता? तितकाच. शोमरोनी मनुष्य किती दूर होता? रस्त्याच्या मापाने तितकाच, पण जातीच्या आणि धर्माच्या मापाने पुष्कळच दूर. तिघांची वाट एक, तिघांचे डोळे शाबूत. तिघांनीही त्याला पाहिले. फरक एवढाच की दोघे पुढे गेले आणि एक थांबला. थांबला म्हणून त्याचा वेळ गेला, तेल व द्राक्षारस गेला, जनावरावरची बसण्याची जागा गेली, दोन दिवसांची मजुरी गेली. प्रभूच्या मापाने तोच शेजारी ठरला.

याचा अर्थ असा की शेजार हे मोजून सापडणारे स्थळ नाही. ते थांबण्याने निर्माण होते. देवाने स्वतःही असेच केले. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल सांगतो की जे एके काळी दूर होते ते ख्रिस्ताच्या रक्ताने जवळ आले. येथे अंतर मनुष्याने कापले नाही; ते देवाने कापले. आणि त्याने ते स्वर्गातून हात हलवून कापले नाही. तो बेथलेहेमात उतरला, नासरेथात तीस वर्षे राहिला, विहिरीवर बसला, जक्कयाच्या घरी उतरला, वाटेत ओरडणाऱ्या आंधळ्यासाठी थांबला.

एक योग्य शंका

येथे कोणी म्हणेल, “हे सर्व खरे, पण मनुष्याला देह एक आणि दिवसाचे तास चोवीस. प्रत्येक बेटावर उतरत गेलो तर कोठेच पोहोचणार नाही.” ही शंका योग्य आहे, आणि तिची थट्टा करू नये. अत्यवस्थ रुग्णाकडे निघालेल्या डॉक्टराने थेट वाटच धरली पाहिजे. थेट विमान पापी नाही.

प्रेषित पौलाचेच उदाहरण पाहा. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात असे आहे की त्याला पन्नासाव्या दिवसाच्या सणापर्यंत यरुशलेमेस पोहोचण्याची घाई होती, म्हणून त्याने इफिस टाळून पुढे जाण्याचे ठरविले. ज्या इफिसात त्याने तीन वर्षे अश्रू ढाळून सेवा केली, ते इफिस त्याने टाळले! परंतु मिलेतास पोहोचल्यावर त्याने निरोप पाठवून तेथील वडिलांना बोलावून घेतले, त्यांच्याशी मन मोकळे केले, त्यांच्याबरोबर गुडघे टेकून प्रार्थना केली. त्याला थांबता आले नाही, पण त्याने त्यांना गळू दिले नाही.

तेव्हा प्रत्येक ठिकाणी थांबणे हे आमच्याकडून मागितलेले नाही. ज्यांच्याजवळ आम्हांला थांबता येत नाही ते आमच्या हिशेबातून पुसले जाऊ नयेत, हे मात्र मागितलेले आहे. वेळ नसणे हा दोष नव्हे. एखाद्या मनुष्याकरिता कधीच वेळ नसणे, आणि त्याचे कारण तो ‘दूरचा’ आहे असे सांगणे, हा दोष आहे.

दहा सेंटचे जहाज

आरंभी म्हटलेले जुने नाते आता सांगतो. १८१३ साली मुंबईस येऊन मराठी लोकांत कार्य सुरू करणारी, १८३१ साली अहमदनगरास (आताचे अहिल्यानगर) ठाणे घालणारी आणि १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू करणारी जी अमेरिकन मिशन, तिच्याच मातृसंस्थेने, म्हणजे बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाने, १८१९ साली हवाई बेटांकडे पहिले मिशनरी पाठविले. ते शिडाच्या जहाजाने पाच महिन्यांहून अधिक काळ प्रवास करून १८२० साली तेथे पोहोचले. म्हणजे एकाच अंगणातून दोन दिशांना बी पेरले गेले. एक मराठी मुलखात आणि एक त्या बेटांवर.

पुढे काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. १८५२ साली, शुभवर्तमान मिळून अवघी ३२ वर्षे झाली असता, हवाईतील ख्रिस्ती लोकांनी आपल्यापैकी काही जोडपी अमेरिकन मिशनऱ्यांबरोबर कोसराए आणि पोनपेई या बेटांकडे पाठविली. हीच ती बेटे, जेथे ते थांबणारे विमान आज उतरते. काल ज्यांना जग ‘दूरचे’ म्हणत होते, ते आज आपल्याहून दूरच्यांकडे निघाले.

आणि १८५६ साली या कार्यासाठी एक जहाज बांधावयाचे ठरले. पैसे कोठून आणावे? अमेरिकेतील रविवार शाळांच्या मुलांना आवाहन करण्यात आले. दहा सेंट दिले की जहाजातला एक हिस्सा त्या मुलाचा. हजारो मुलांनी आपली नाणी आणून दिली. जहाजाचे नाव ठेवले ‘मॉर्निंग स्टार’, म्हणजे प्रभाततारा. १८५६ च्या डिसेंबरात ते बोस्टनहून निघाले, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून १८५७ च्या एप्रिलात होनोलुलूस पोहोचले, आणि त्याच वर्षी हायरम बिंगम (धाकटे) व त्यांची पत्नी यांना गिल्बर्ट बेटांवर घेऊन गेले. बिंगम यांनी पुढे तेथील भाषेत संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर केले.

ज्या मुलाने दहा सेंट दिले त्याने ती बेटे कधी पाहिली नाहीत, पाहण्याची शक्यताही नव्हती. पण जहाजात त्याचा हिस्सा होता. जहाज वादळात सापडले तर ते त्याचे जहाज होते. नकाशावरचा तो ठिपका त्याच्या प्रार्थनेत आला आणि तेथेच राहिला. रविवार शाळेच्या शिक्षकांनो, दूरच्या माणसाला जवळ आणण्याची याहून चांगली रीत आम्हांला ठाऊक नाही. मुलाला नुसती बातमी सांगू नका. त्याला हिस्सा द्या.

आमची बेटे

महाराष्ट्राबाहेर पसरलेल्या आमच्या मराठी मंडळ्या नकाशावर पाहिल्या तर त्याही बेटांसारख्याच दिसतात. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद, बेळगाव, गोवा. चोहोबाजूंस दुसऱ्या भाषेचा समुद्र, आणि मध्ये रविवारी मराठीत उपासना करणारी काही घराणी. मोठ्या मंदिरांना पाहुणे उपदेशक मिळतात, अधिवेशने मिळतात. पण या मोठ्या ठाण्यांच्या मधल्या लहान गावी चार-पाच घरे असतात. रेल्वेत किंवा कारखान्यात नोकरीनिमित्त आलेली, किंवा तेथेच म्हातारी झालेली. आमची एक्स्प्रेस त्या स्टेशनावरून रात्री निघून जाते. तेथे कोणी प्रभुभोजन देण्यास कधी उतरतो काय? मंडळीच्या वार्षिक नियोजनात असा एखादा ‘थांबा’ लिहिलेला असतो काय?

याहूनही जवळ पाहू. परदेशी गेलेल्या मुलाशी आम्ही रोज फोनवर बोलतो, त्याचे तोंडही पाहतो. हे देवाचे दान आहे आणि त्याबद्दल आभार मानावे. परंतु त्याच इमारतीतील विधवा बहीण तीन रविवार उपासनेस आली नाही हे आम्हांला चौथ्या रविवारी कळते. एका बाकावर वीस वर्षे बसलेली दोन घराणी एका जुन्या वादामुळे एकमेकांना हात जोडीत नाहीत. आणि जड अंतःकरणाने हेही लिहिले पाहिजे की, गावकुसाची भिंत ज्यांच्या वाडवडिलांनी सोसली त्यांच्याच काही घरांत आजही सोयरीक जुळविताना पूर्वीची जात हळूच विचारली जाते. ख्रिस्ताने पाडलेली भिंत आम्ही लग्नाच्या बोलणीत पुन्हा उभी करतो! हे अंतर कोणत्याही विमानाने कापता येणार नाही. ते कापावयास थांबावे लागेल, आणि ज्याला आम्ही ‘त्यांच्यातला’ म्हणतो त्याच्या घरी जाऊन जेवावे लागेल.

एक साधी सूचना करतो. येत्या महिन्यात प्रत्येक मंडळीने, प्रत्येक वर्गाने आणि प्रत्येक घराने स्वतःला तीन प्रश्न विचारावे. आम्ही कोणाच्या दारावरून थेट निघून जातो? ज्यांच्याकडे खरोखरच जाता येत नाही त्यांच्यासाठी आमचा कोणता हिस्सा आहे? आणि ‘दूर’ हा शब्द आम्ही कोणाविषयी निकाल म्हणून वापरीत आहोत?

यशयाच्या पुस्तकात द्वीपे देवाची वाट पाहत आहेत असे पुन्हा पुन्हा म्हटले आहे. संदेष्ट्याच्या काळी द्वीप म्हणजे जगाचे शेवटचे टोक. तरी देवाच्या नकाशावर ते कडेला नव्हते. आजही पुष्कळ माणसे आपापल्या धावपट्टीशी उभी राहून वाट पाहत आहेत. काही महासागरापलीकडे, काही जिन्यापलीकडे. वरून जाणाऱ्यांचा आवाज त्यांना रोज ऐकू येतो. त्यांपैकी कोण उतरतो, हे ती पाहत आहेत.

जो आम्हांसाठी उतरला, तो प्रभू येशू आम्हांला थांबण्याचे धैर्य देवो. आमेन.